पर्याय न देता विचारा : नागरिकत्व परीक्षेच्या धर्तीवर घेता येणारी नागरिकशास्त्राची चाचणी

दहावीचा इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर दिला की आपला नागरिकशास्त्राशी संबंध बहुधा संपतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपण मतदान करतो, घरफाळा भरतो, दाखले काढतो, तक्रारी करतो. पण यातले नेमके किती कळते, हे कुणी विचारत नाही. परदेशातून येऊन नागरिकत्व मागणाऱ्याला मात्र अनेक देश हे विचारतात. अमेरिकेत अधिकारी समोर बसवून तोंडी प्रश्न विचारतो. ब्रिटनमध्ये ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे आणि १८ बरोबर यावे लागतात. जर्मनीत ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर आले की पुरते, पण त्यातले ३ प्रश्न त्या माणसाच्या स्वतःच्या राज्याचे असतात. ऑस्ट्रेलियात २० पैकी १५ लागतात, शिवाय मूल्यांवरचे ५ प्रश्न सगळेच्या सगळे बरोबर यावे लागतात.

भारतात अशी लेखी परीक्षा नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५च्या तिसऱ्या अनुसूचीत अर्जदारासाठी ज्या अटी आहेत, त्यात संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे, एवढी भाषेची अट आहे. म्हणजे मराठी चांगली येत असेल तर ती अट पुरी होते. परीक्षा नसली तरी या देशांच्या पद्धतीतले चांगले ते उचलून कोल्हापुरातल्या घरात, तालमीत किंवा तरुण मंडळात उत्तम चाचणी घेता येते. ती कशी बांधायची, कशी घ्यायची आणि कुठे फसते, ते पुढे दिले आहे.

पर्याय का नकोत

मोबाइलवरच्या बहुतेक प्रश्नमंजूषा चार पर्यायांच्या असतात. त्यांचा हिशेब करून पाहा. २० प्रश्न आहेत, १२ला पास आहे आणि तुम्हाला खात्रीने फक्त १० येतात. उरलेल्या १० प्रश्नांवर नुसते बोट ठेवले तरी सरासरी अडीच उत्तरे बरोबर लागतात. म्हणजे निम्मेच येणारा माणूस बऱ्याचदा पास होतो आणि आपल्याला सगळे येते अशा समजुतीत राहतो. प्रत्यक्ष आयुष्यात पर्याय कुणी पुढे करत नाही. गटार तुंबले तर कुणाकडे जायचे, हे चार नावांतून निवडायला मिळत नाही, ते आठवावेच लागते.

म्हणून अमेरिकन पद्धत घ्यावी : प्रश्न आधीच जाहीर, परीक्षा तोंडी, उत्तर एका वाक्याचे, पर्याय नाहीत. तिथे आता १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात आणि १२ बरोबर आले की पास. प्रश्न आधी ठाऊक असणे ही सवलत वाटते, पण खरा फायदा तोच आहे, कारण यादी पाठ करता करता माणूस शिकतो.

शंभर पत्ते

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी छान. एकेका पत्रिकेचे पत्त्याएवढे तुकडे कापा. एका बाजूला प्रश्न लिहा, दुसऱ्या बाजूला उत्तर, ते कुठून घेतले ते आणि तपासल्याची तारीख. तारीख लिहायचा कंटाळा येतो, पण ती नसेल तर वर्षभरात सगळा गठ्ठा संशयास्पद होतो. ज्याचे उत्तर बदलू शकते त्या पत्त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्या : पालकमंत्री, महापौर, खासदार, शुल्काची रक्कम.

वाटणी अशी ठेवा : संविधान व हक्क ३५, केंद्र व न्यायालये २०, राज्य १५, कोल्हापूर ३०. स्थानिक वाटा मुद्दाम मोठा ठेवला आहे. बहुतेकांना राष्ट्रपतींचे नाव येते, पण आपल्या प्रभागातले नगरसेवक सांगता येत नाहीत. आणि काम पडते ते नगरसेवकांशी.

साहित्यासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके पुरेशी आहेत. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद, न्यायव्यवस्था आणि राज्यशासन. ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. कलमाचा शब्द तपासायचा असेल तर संविधानाची मराठी प्रत उघडा. मोठ्या माणसाला सहावीचे पुस्तक हातात घ्यायला संकोच वाटतो, पण ग्रामसभा आणि प्रभाग समिती यांची इतकी सोपी मांडणी दुसरीकडे सहसा सापडत नाही.

प्रश्न लिहिताना एक पथ्य पाळा : उत्तर एका दमात सांगता आले पाहिजे. ‘नगरसेवकाची कामे सांगा’ हा वाईट प्रश्न आहे, कारण त्यावर पाच मिनिटे बोलूनही बरोबर की चूक ते ठरत नाही. ‘महापालिकेचे अंदाजपत्रक कोणती सभा मंजूर करते?’ हा चांगला. जिथे अनेक उत्तरे चालतात तिथे ‘कोणतेही दोन सांगा’ असे लिहा आणि मागे सगळी मान्य उत्तरे लिहून ठेवा. नाहीतर घेणारा आणि देणारा यांची तिथेच जुंपते.

हमखास चुकणारे प्रश्न

आधी संविधानाचे. ‘संविधान कधी स्वीकारले आणि कधी अमलात आले?’ २६ नोव्हेंबर १९४९ आणि २६ जानेवारी १९५०. दोन्ही तारखा येतात, पण उलट लागतात. त्यासाठी जोडप्रश्न लिहा : ‘२६ नोव्हेंबरलाच कोणती कलमे लागू झाली?’ उत्तरात नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे येतात. उरलेल्या बहुतेक संविधानाच्या दोन महिने आधी नागरिक कोण हे ठरले, हे एकदा लक्षात आले की तारखा उलट होत नाहीत.

‘मूलभूत हक्क किती?’ सहा. ‘सात’ असे उत्तर आले तर मालमत्तेचा हक्क अजून डोक्यात आहे. तो १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला आणि आता कलम ३०० अ मध्ये आहे. ‘मूलभूत कर्तव्ये किती?’ अकरा, १९७६ साली दहा आली आणि अकरावे, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे, २००२ साली जोडले गेले. ‘मतदानाचा हक्क मूलभूत हक्कांच्या भागात आहे का?’ नाही, तो कलम ३२६ मध्ये आहे. इथे जवळजवळ सगळे अडखळतात. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ संविधानात राष्ट्रभाषा हा शब्दच नाही. कलम ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे आणि आठव्या अनुसूचीत मराठीसह २२ भाषा आहेत.

केंद्राच्या गठ्ठ्यात राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका शेजारी ठेवा. राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात. विधान परिषदेच्या आमदारांना तिथे मत नाही. उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सगळे सदस्य निवडतात, नामनिर्देशित धरून; आमदारांना अजिबात मत नाही. नुसते पाठ केले तर दोन्हींची सरमिसळ होते. दोन्ही पत्ते एकापाठोपाठ विचारले की आठ दिवसांत बसते.

राज्याचे आकडे सोपे आहेत : लोकसभेत महाराष्ट्राचे ४८, राज्यसभेत १९, विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. त्यापेक्षा हे विचारा : ‘विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या यादीत एकदा नाव लागले की कायम राहते का?’ नाही, त्या यादीसाठी दर निवडणुकीला नव्याने नोंदणी करावी लागते. कोल्हापूर पुणे पदवीधर मतदारसंघात येते आणि ‘गेल्या वेळी दिले होते मत’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या पदवीधराचे नाव ऐनवेळी यादीत नसते.

कोल्हापूरचे तीस

इथे घाई करू नका. जिल्ह्यात १२ तालुके, १० विधानसभा मतदारसंघ आणि २ लोकसभा मतदारसंघ आहेत. गोंधळ सीमांचा होतो. कोल्हापूर लोकसभेत चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर येतात. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे हातकणंगले लोकसभेत जातात, सोबत सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा. म्हणजे एका खासदाराचा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरला आहे. करवीर तालुका आणि करवीर मतदारसंघ या तर वेगळ्याच गोष्टी. तालुका महसुलाची रेघ आहे, मतदारसंघ निवडणुकीची. करवीर तालुक्यातली काही गावे कोल्हापूर दक्षिणमध्ये मतदान करतात. उत्तर अंदाजाने लिहू नका, मतदार यादीत आपल्या नावासमोर छापलेला मतदारसंघ पाहून लिहा.

पुढचा पत्ता हद्दीचा. पाचगावात राहणारा पत्ता सांगताना ‘कोल्हापूर’ म्हणतो, पण त्याच्याकडे ग्रामपंचायत आहे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर महापालिकेत जाऊन उपयोग नाही. हद्दवाढीची चर्चा इतकी वर्षे चालू आहे की पुष्कळांना ती झालीच आहे असे वाटते. म्हणून ‘माझे घर कोणत्या स्थानिक संस्थेत येते?’ हा पहिला पत्ता असावा आणि उत्तर घरफाळ्याच्या पावतीवरून घ्यावे.

मग निवडणुका. कोल्हापूरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात हा प्रश्न हवाच : ‘लोकसभेची, जिल्हा परिषदेची आणि साखर कारखान्याची निवडणूक कोण घेते?’ उत्तर तीन वेगवेगळी आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. सहकारी संस्था राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे. तक्रार चुकीच्या दारात गेली की मुदत निघून जाते. त्याला जोडून विचारा : ‘सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क संविधानात कुठे आहे?’ कलम १९ (१) (ग), इंग्रजी प्रतीत (c), २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीने. गावात दूध संस्था, सेवा सोसायटी आणि कारखाना तिन्ही असताना हे उत्तर फार थोड्यांना येते.

‘सरपंच, महापौर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष यांना कोण निवडते?’ सरपंच आज थेट जनतेतून, बाकीचे दोघे निवडून आलेल्या सदस्यांतून. सरपंचाच्या पत्त्यावर लाल ठिपका हवा : २०१७ साली थेट निवडणूक आली, २०२० साली रद्द झाली, २०२२ साली परत आली. पाच वर्षांत हे उत्तर तीनदा बदलले आहे.

कोण काय करते याचेही सात-आठ पत्ते करा. जिल्हाधिकारी महसूल आणि निवडणूक पाहतात, जिल्हा परिषदेचे प्रशासन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, शहराचे आयुक्तांकडे. कोल्हापुरात पोलीस आयुक्त नाहीत, जिल्हा पोलीस अधीक्षक आहेत. पंचगंगेत सांडपाणी सोडलेले दिसले तर महापालिकेबरोबर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातल्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते, कारण १९७४चा जलप्रदूषण कायदा तेच मंडळ राबवते.

इतिहासाचे चार-पाच पत्ते पुरेत, पण ते असावेत. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शेवटची तारीख विचारली तर अनेकजण १५ ऑगस्ट १९४७ सांगतात.

पाच अनिवार्य पत्ते

ऑस्ट्रेलियाची युक्ती इथे वापरा. पाच पत्ते वेगळ्या रंगाचे करा. यातला एकही चुकला तर बाकी सगळे बरोबर येऊनही नापास. निवड अशी करावी, कारण ही उत्तरे रात्री-बेरात्री लागतात :

अटक झालेल्याला किती वेळात न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते? २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून (कलम २२, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला हा नियम नाही).

वकील परवडत नसेल तर कुठे जायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुन्हा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला असेल तर जवळच्या ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवता येते का? येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात.

माहिती अधिकाराच्या अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळायला हवे? ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

मतदार ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येते का? नाही. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ भरायचा.

चाचणी घेताना

विचारणारा आणि देणारा समोरासमोर बसा. गठ्ठे वेगवेगळे पिसा आणि संविधानाचे ७, केंद्राचे ४, राज्याचे ३, कोल्हापूरचे ६ असे २० पत्ते काढा. पाच अनिवार्य त्यांच्याव्यतिरिक्त आधीच विचारून घ्या. प्रश्न लिहिला आहे तसाच वाचायचा, हवा तर दोनदा. समजावून सांगायचे नाही. मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही. घरातल्या चाचणीत सर्वांत जास्त गडबड इथेच होते : आजोबा अडखळले की नातू पहिले अक्षर सुचवतो आणि ते उत्तर बरोबर धरले जाते.

उत्तर सुरू करायला पंधरा सेकंद द्या. उत्तर बदलायचे असेल तर एकदा चालेल, शेवटचे धरा. अर्धे गुण ठेवू नका. अर्ध्या गुणांनी चुका लपतात. अमेरिकेत १२ बरोबर झाले की अधिकारी थांबतो आणि ९ चुकले तरी थांबतो. घरी थांबू नका, वीसही विचारा, कारण आपल्याला कच्चे कुठे आहे ते शोधायचे आहे.

निकालाचा अर्थ नीट लावा. शंभरातली ६० उत्तरे येत असतील तर २० पैकी १२ येण्याची शक्यता साधारण दहात सहा आहे. ७० येत असतील तर दहात नऊ. ८० येत असतील तर नापास होणे जवळजवळ अशक्य. म्हणून एकदा पास झालात याला फार किंमत देऊ नका. वेगवेगळ्या दिवशी सलग तीनदा १६ किंवा त्याहून जास्त आले, तर गठ्ठा आला असे समजा.

चुकांसाठी वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे माहीतच नव्हते. ‘ग’ म्हणजे दोन गोष्टींचा गोंधळ. ‘ज’ म्हणजे जुने उत्तर. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. ‘न’ला वाचन : तो धडा वाचा, दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या दिवशी पुन्हा विचारून घ्या. ‘ग’ला वाचून फरक पडत नाही, दोन्ही पत्ते जोडीने विचारावे लागतात. ‘ज’ ही मोठ्या माणसांची चूक आहे आणि तिला सर्वांत जास्त विरोध होतो, कारण ते उत्तर एके काळी खरेच बरोबर होते. राज्ये २९ म्हणणारा २०१९च्या आधीचे सांगतो. आता २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. खुनाचे कलम ३०२ सांगणारा १ जुलै २०२४च्या आधीचे सांगतो. भारतीय न्याय संहितेत ते १०३ आहे. अशा वेळी ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘कधीपर्यंत बरोबर होते?’ असे विचारा. वादही मिटतो आणि बदलाचे वर्षही पक्के होते.

अमेरिकेची खरी परीक्षा द्यायची असेल तर

मुलांकडे गेलेले आणि ग्रीन कार्डवर तिथे राहिलेले कोल्हापूरकर आई-वडील आता थोडे नाहीत. त्यांनी आधी अर्जाची तारीख पाहावी. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्नांची नवी यादी आहे. त्याआधीच्या अर्जांना जुनी, १०० प्रश्नांची, १० पैकी ६ची. चुकीची यादी पाठ करण्यात महिने जातात.

वय ६५ किंवा जास्त आणि कायम रहिवासी म्हणून २० वर्षे झाली असतील तर यादीत तारेची खूण केलेल्या फक्त २० प्रश्नांचा अभ्यास पुरतो. त्यातले १० विचारतात, ६ लागतात. अर्ज करताना वय ५० आणि वास्तव्य २० वर्षे, किंवा वय ५५ आणि वास्तव्य १५ वर्षे असेल तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतात. ही सवलत माहीत नसल्याने कित्येक ज्येष्ठ इंग्रजीच्या धास्तीने अर्जच करत नाहीत. पहिल्यांदा नापास झाले तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते आणि त्यात नापास झालेला भागच पुन्हा द्यावा लागतो. त्यांच्या राज्याचा गव्हर्नर, सिनेटर अशा प्रश्नांची उत्तरे मुलाखतीच्या आठवड्यात तपासावीत. आपला लाल ठिपका तिथेही लागतो.

गठ्ठा ताजा ठेवणे

लाल ठिपक्याचे पत्ते वर्षातून दोनदा, २६ जानेवारी आणि २६ नोव्हेंबरला, वेगळे काढून तपासा. प्रत्येक निवडणुकीनंतर स्थानिक गठ्ठा पुन्हा पाहा. पदांची नावेही बदलतात : तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. लोक जुनेच शब्द वापरतात, म्हणून पत्त्यावर दोन्ही लिहा आणि दोन्ही मान्य करा.

ज्या पत्त्यांवर ठिपका नाही तेही वर्षातून एकदा चाळा. ‘उच्च न्यायालयात दाद मागायला कोल्हापूरच्या माणसाने कुठे जायचे?’ या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ‘मुंबई’ होते आणि त्यावर ठिपका द्यावा असे कुणाच्या मनातही आले नसते. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरातच बसते. तो पत्ता नव्याने लिहा, मागे तारीख टाका आणि गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवा.